तात्यांचा रिकामा खिसा

एकदा एक मुलगा आपल्या म्हाताऱ्या वडिलांची तक्रार घेऊन गुरुजींच्या दारी आला. जगाची रीत पाहता वडिलांनी मुलाची तक्रार करावी. इथे सगळंच उलटं! मुलाचं नाव मोरेश्वर. लहानपणी तो गुरुजींकडेच शिकला होता, आणि घरातलं कोडं सुटेना की अजूनही त्यांच्याकडेच धाव घेई.

"तात्या बोलतच नाहीत हो," तो म्हणाला. "दिवसभर ओसरीवर बसून असतात. ना देवळात जातात, ना पारावर. मी काय कमी केलंय त्यांना?"

खरंच, कमी काहीच नव्हतं. आई गेल्यानंतर कुण्या भामट्याने फोनवर गोड बोलून तात्यांच्या खात्यातली बरीचशी रक्कम लांबवली होती.  मोरेश्वरने वडिलांचं खातं आपल्या हाती घेतलं, कार्ड आपल्या पाकिटात ठेवलं आणि पुढे चुलतभावांची कटकट नको म्हणून घर आणि मळा बक्षीसपत्राने आपल्या नावावर करून घेतला. तात्यांनी मुकाट्याने सह्या केल्या. तेव्हापासून औषधं, दूध, नवा चष्मा, सगळं न मागता वेळेवर येत असे. मुलगा असावा तर असा, असं लोक म्हणत.

"उद्या त्यांना इकडे घेऊन ये," एवढंच गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तात्या आले आणि कोपऱ्यात अंग चोरून बसले. गुरुजींनी उभ्या आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता. शिष्यांनी आणलेली दक्षिणासुद्धा ते परत करत. आज मात्र ते उठले, तात्यांसमोर आले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली.

"तात्या, मला काहीतरी द्या. रुपया का असेना."

गुरुजींना म्हातारचळ लागला की काय, असं मोरेश्वरला वाटलं. तात्यांनी सदऱ्याचा खिसा चाचपला. रुमाल निघाला, गोळ्यांची पट्टी निघाली. त्यांनी दुसरा खिसा चाचपला. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. जत्रेत फुगा हवा असलेलं पोर बापाकडे पाहतं ना, अगदी तसं. मोरेश्वरने घाईघाईने नोट काढली.

"तुझ्याकडे मागितलं नाही," गुरुजी म्हणाले. ओंजळ तात्यांपुढे तशीच होती.

"माझ्याकडं काही नसतं, गुरुजी," तात्या म्हणाले. "सगळं हा बघतो. फार चांगलं बघतो हो. आता ताईची ओवाळणीसुद्धा हाच फोनवरून परस्पर धाडतो. माझ्यापेक्षा जास्तच धाडतो. मग भाऊबीजेला मी जाऊन काय करू? तिनं ओवाळलं, तर ताटात काय टाकू?"  "म्हणून जातच नाही मी कुठं."

मोरेश्वरने हातातली नोट हळूच परत खिशात ठेवली. म्हाताऱ्याची प्रवासाची दगदग वाचावी म्हणून त्यानेच ती युक्ती काढली होती, आणि तिचं त्याला कोण कौतुक होतं!

गुरुजी त्याच्याशेजारी बसले. "बाळ, चोरांपासून त्यांचं धन राखलंस, उत्तम केलंस. मागे तंटा राहू नये हा विचारही योग्यच. पण वारसा माणसाच्या पश्चात घ्यायचा असतो. तू तो त्यांच्या हयातीतच घेतलास, आणि धनाबरोबर त्यांचं भाऊपण, बापपणही आपल्या नावावर करून घेतलंस. ज्याला सगळं मिळतं पण देता काहीच येत नाही, तो स्वतःच्या घरात पाहुणा होतो. आणि पाहुणा किती बोलणार रे?"

त्या दिवाळीत मोरेश्वरने बँकेतून पेन्शन आणली आणि वडिलांच्या हाती ठेवली. "हिशेब नको, तात्या. कुणी फसवलं तरी चालेल." गाडीने सोडतो म्हणाला, तर तात्यांनी मान हलवली. भाऊबीजेच्या सकाळी ते एसटीने एकटेच निघून गेले.

संध्याकाळी मोरेश्वर ओसरीवर बसला होता. आत्याचा फोन आला. "मोरू, तुझे पैसे पोचत होते रे, पण भाऊ पोचत नव्हता. आज आला!"  मागून तात्यांचा आवाज येत होता. कुणाला तरी ते मोठमोठ्याने काहीबाही सांगत होते, मध्येच खो खो हसत होते. मोरेश्वर फोन कानाला लावून ऐकत राहिला. हा आवाज आपल्या घरात शेवटचा कधी ऐकला होता, ते त्याला काही केल्या आठवेना.