हळूबाबाचा दोर

हळूबाबाच्या दोराला बाईनं हात लावायचा नाही. हा आमच्या करंजवस्तीचा नियम. का, असं विचारायचं नाही, हाही नियमच. सात वर्षांची असताना मी विचारलं होतं, तेव्हा चर्चच्या वडील मंडळींतले शमुवेलकाका म्हणाले, "हळू बोल, पोरी." बी.ए. होऊन परत आल्यावर पुन्हा विचारलं. उत्तर तेच मिळालं, फक्त "पोरी"च्या जागी "बाई" आलं.

तर आधी हळूबाबा कोण होता ते ऐका.

फार वर्षांपूर्वी, आमच्या चर्चला भिंती होत्या पण छप्पर नव्हतं त्या काळात, लागोपाठ दोन वर्षं पाऊस पडला नाही. ओढा आटला. गुरं दगड चाटायला लागली, असं म्हणतात. वस्तीनं विहीर खणायला घेतली. वरचा मुरूम लवकर निघाला आणि खाली लागला काळा खडक. खणणाऱ्यांनी हत्यारं टाकली. उरला एकटा यकोब.

यकोब दिसायला किरकोळ होता. रोज सकाळी विहिरीत उतरण्याआधी तो टोपी काढून एवढंच म्हणायचा, "प्रभू, आज माझा हात हलका ठेव." मग छिन्नी लावून टकटक सुरू. दगडाची पाटी भरली की वरचे लोक चाकावरून दोरानं ती ओढायचे, आणि खालून त्याची एकच हाक यायची, "हळू." दगडावर घाव घालताना तो म्हणायचा हळू. बायका रिकामे हंडे घेऊन विहिरीवर भांडायला लागल्या की मान वर करून म्हणायचा, हळू. म्हणून तो हळूबाबा झाला. त्याची छिन्नी टेकली की खडक आपणहून बाजूला सरायचा, असं म्हणतात.

त्या दिवसांत सगळ्यांचीच डोकी तापलेली होती. घरात पाणी नसलं की शब्दसुद्धा कोरडे होतात. सगळ्यात तापट होता शलमोन, शमुवेलकाकांचा पणजोबा. त्याच्या घरात ओली बाळंतीण होती आणि प्यायला घोटभर पाणी नव्हतं. एक दिवस यकोब पाणी न लागताच वर आला, तेव्हा शलमोननं सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली.

यकोबनं गाल चोळला नाही. त्यानं शलमोनचा हात हातात घेतला आणि उलटापालटा करून पाहिला. "भाऊ, लागलं का रे? माझी हाडं वर आलीत."

काही लोक हसले. शलमोनला ते जास्तच झोंबलं. तो म्हणाला, "मऊपणानं काय होतं? येशूनंसुद्धा वादळाला दटावलं होतं."

"वादळाला दटावलं," यकोब म्हणाला. "नावेतल्या शिष्यांना फक्त विचारलं, भिता का म्हणून. मी पण तेच विचारतोय, भाऊ. भितोस का?"

शलमोन हात सोडवून घरी निघून गेला. दुसऱ्या दिवशी मात्र तो मोठा घण घेऊन स्वतःच विहिरीत उतरला. खाली शेजारी उभा राहून यकोब म्हणत राहिला, "हळू, इथे खडकाला चीर आहे." शलमोननं त्याच चिरेवर घण हाणला.

खडक फुटला. पाण्याचा झोत उसळला, त्याबरोबर बाजूची कड ढासळली आणि एक धोंडा शलमोनच्या पायावर आला. वर दोर धरून उभे असलेले पुरुष कड हलताना बघून पळाले. कोणी करंजाखाली पळालं, कोणी थेट घरी. दोर चाकावर तसाच लोंबत राहिला.

विहिरीवर रिकामे हंडे घेतलेल्या नऊ बायका उभ्या होत्या. त्यांनी हंडे खाली ठेवले आणि दोर धरला.

खाली पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला. यकोबनं दोर धोंड्याला बांधला आणि हाक दिली, "हळू, बायांनो." पाण्याच्या आवाजातही ती हाक वर स्पष्ट ऐकू आली, असं म्हणतात. धोंडा वीतभर उचलला गेला. शलमोनचा पाय सुटला. मग शलमोन पाटीत बसला आणि वर येईपर्यंत सगळ्यांना शिव्या देत राहिला, अगदी पाटीलासुद्धा. वर निम्मी कड सुटून अधांतरी लोंबत होती. यकोब तिला म्हणाला, "हळू, बाई, माणूस जातोय." शलमोन काठावर पोचेपर्यंत ती थांबली आणि मगच पडली.

दोर पुन्हा खाली सोडला, पण यकोबला त्याची गरज पडली नाही. पाण्यानंच त्याला उचललं. तान्ह्या बाळाला वर घ्यावं तसं पायरी पायरीनं काठाशी आणून ठेवलं. त्याची टोपीसुद्धा भिजली नव्हती, असं म्हणतात.

शलमोनच्या घरात पहिला हंडा गेला. तो स्वतः जन्मभर लंगडत चालला आणि ज्याला त्याला सांगायचा, "हळूबाबानं मला वर काढलंच, वर हळूही केलं."

आता आमची रीत ऐका, कारण अशी रीत दुसऱ्या कुठल्या गावात नसेल. मे महिन्यात एका रविवारी उपासना झाली की सगळी वस्ती विहिरीवर जमते. तेव्हापासून जपलेल्या हळूबाबाच्या दोरानं पहिली बादली काढतात. तिच्यातला पहिला पेला, गुळाच्या खड्यासकट, आपण वर्षभर ज्याच्याशी भांडलो त्याला द्यायचा आणि म्हणायचं, "लागलं का रे?" लहान मुलं गुळासाठी शनिवारी मुद्दाम भांडणं काढतात. दोन जावांना हसू आवरत नाही आणि निम्मं पाणी लुगड्यावर सांडतं. मला हा दिवस नाताळापेक्षा जास्त आवडतो.

फक्त तो नियम सोडून. वडील मंडळी ही सगळी गोष्ट दरवर्षी माइकवरून सांगतात, नऊ बायकांसकट सांगतात, आणि मग दोर पुरुषांच्या हातात देतात. आमच्याकडे विहिरीची खोलीही पुरुषांत मोजतात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक पुरुष. ही विहीर सात पुरुष खोल आहे. कड ढासळली त्या दिवशी पुरुष मोजमापापुरतेच उरले होते.

यंदा शमुवेलकाकांची गोष्ट संपली. त्यांनी दोर उचलायच्या आधीच मी तो उचलला.

"रिबेका, दोर ठेव."

"का, काका?"

"हळूबाबाचा शब्द आहे."

"कोणता? त्याच्याजवळ एकच शब्द होता."

मागून कोणीतरी म्हणालं, "कॉलेजात हेच शिकवतात वाटतं." काकांनी हात पुढे केला. "आवाज खाली कर. सौम्यपणा शीक जरा त्याच्याकडून."

खरं सांगते, माझ्या तोंडात दहा वाक्यं तयार होती आणि एकही सौम्य नव्हतं. काकांचा हात पुढेच होता, पण नजर माझ्यावर नव्हती, दोरावर होती. मला वाटलं होतं, ते रागावलेत. तेव्हा दिसलं की ते घाबरलेत, रीत मोडेल म्हणून. मी तो हात माझ्या हातात घेतला.

"नाही, काका," मी म्हणाले, हळूच. "दोर मी ठेवणार नाही. तुमचे पणजोबा याच दोरानं वर आले. ओढणाऱ्या बायका होत्या."

काकांनी इतर वडील मंडळींकडे पाहिलं. मंडळींनी विहिरीकडे पाहिलं. मी बादली खाली सोडली. चाक फिरायला लागलं, आणि माझ्या हातातून दोर घ्यायला कोणीही पुढे आलं नाही.