मातीची पहिली पाटी

फार पूर्वी, डोंगरातल्या वाटांना अजून नावं पडायची होती तेव्हा, एका नदीच्या काठाने पाच गावं वसली होती. सगळ्यात वर लाकूडतोड्यांचं गाव. ते मोठं होतं, आणि आपण मोठे आहोत हे ते कधी विसरत नसे. त्याच्या खाली उतारावर मधाचं गाव, जेमतेम चाळीस उंबऱ्यांचं. त्याखाली सपाटीला तीन गावं: एक कुंभारांचं, एक घोंगड्या विणणाऱ्यांचं आणि एक गुळाचं.

वरच्या गावाच्या लाकडावर कुंभारांचे मडकी भाजायचे आवे, गुळाची चुलाणं आणि विणकरांच्या रंगाच्या कढया तापत. खालची चार गावं मिळून दर वर्षी पाऊस सरला की नदीला मातीचा बांध घालत. त्याची एक रीत होती. पहिली पाटी गुळाच्या गावच्या पाटलांनी टाकायची. मग विणकरांनी, मग कुंभारांनी, शेवटी मधाच्या गावाने. पाटलांना यायला उशीर झाला तर माणसं भरलेल्या पाट्या पायाशी ठेवून उभी राहत. एका वर्षी पाटलांना ताप आला, तेव्हा बांध आठ दिवस थांबला, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

कुंभारांच्या गावात एक कुंभारीण होती. नवरा जाऊन तिला तीन वर्षं झाली होती. चाक पूर्वी तो फिरवायचा, आता ती फिरवी. हात बसला होता, गिऱ्हाईक टिकलं होतं, आणि दिवस नीट जात होते.

एका सकाळी वरच्या गावची माणसं कुऱ्हाडी घेऊन मधाच्या गावात उतरली. शिवेचे दगड उचलून त्यांनी गावाच्या मधोमध रोवले. त्यांचा नाईक म्हणाला, "आमचे आजे इथं गुरं चारायचे. तेव्हा हे आमचंच."

मधाच्या गावच्या वरच्या आळीतली बायकामुलं खाली पळाली. उरलेले लोक गोफणी घेऊन मधल्या वाटेवर उभे राहिले. जोंधळ्यावरची पाखरं हाकलणारे हात ते, नेम चांगला होता. पण गोफणीला लागणारा गोल दगड नदीच्या वरच्या पात्रातच मिळे, खाली सपाटीला नुसता गाळ; आणि पात्राकडची वाट वरच्या गावाने अडवली होती. उतारावर नुसता मुरूम. तो गोफणीतून सुटला की हवेतच फुटे.

पळून आलेल्यांपैकी एक बाई कुंभारणीच्या घरी उतरली. ती मध काढणारी होती. दोन मुलं आणि एक रिकामा घडा, एवढंच तिच्याबरोबर होतं. तिचा नवरा वर वाटेवर उभा होता.

दुसऱ्या दिवशी गुळाच्या गावच्या पारावर तिन्ही गावं जमली. पाटील मधोमध बसले.

"झालं ते वाईट झालं," पाटील म्हणाले. "आपण वरच्या गावाला एक खरमरीत पत्र लिहू."

"मागच्या वर्षी शेळ्या पळवल्या तेव्हाही लिहिलं होतं, आबा," कुंभारीण म्हणाली. "त्या पत्रात त्यांनी तंबाखू बांधली म्हणतात."

लोक हसले. पाटीलही थोडे हसले.

विणकरांचा म्हातारा म्हणाला, "आम्ही चाळीस घोंगड्या देतो. थंडी आहे. पण भांडणात हात घालायचा तर वरच्यांचा राग आपल्याकडे वळेल, त्याचं काय? माझ्या गावात लेकरं नाहीत का?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "अर्धं गाव देऊन टाकलं तर भांडण मिटेल की."

मध काढणारी बाई हे ऐकून उठली. "कोणतं अर्धं ते तुम्ही सांगा, दादा. माझं घर वरच्या अर्ध्यात आहे."

त्या दादांनी पागोटं सारखं केलं.

"बरं," पाटील म्हणाले, "मदत करायची. पण तिन्ही गावांनी मिळून. विणकर काय करतात ते बघू, मग आम्ही ठरवू."

"आम्ही तुमच्या आधी कसे करणार?" विणकर म्हणाला. "मान तुमचा."

कुंभारांच्या पंचांनी तर हात जोडले. "आम्ही तिसरे. आमचं काय विचारता?"

अशी ती सभा उठली. घोंगड्या वर गेल्या, भाकऱ्या गेल्या. थंडीत त्यांचा उपयोग झालाच. पण घोंगडी पांघरून वाट राखता येत नाही. त्या आठवड्यात शिवेचे दगड आणखी दहा घरं खाली सरकले.

कुंभारणीचा आवा रचून तयार होता. लग्नसराईचे माठ होते, वर्षाचं पोट त्यावर होतं. वरच्या गावचा गाडीवान लाकूड घेऊन आला तेव्हा तिने नेहमीसारखी गाडी अंगणात घेतली. लाकडाचा काय दोष, असं तिने मनाशी म्हटलं. खालच्या तिन्ही गावांत प्रत्येक जण त्या दिवसांत तेच म्हणत होता.

ओंडके उतरवताना एक हलका लागला. आतून पोकळ होता. मधाच्या गावात असे ओंडके घरांच्या भिंतीत बसवत आणि त्यांत माश्या पाळत. आत अजून मेणाचा पापुद्रा होता. तोंडाला भाजलेल्या मातीचं झाकण होतं, आणि झाकणाच्या मधोमध अंगठ्याचा ठसा.

तो ठसा तिच्या नवऱ्याचा होता. मधाच्या गावाची झाकणं तोच करायचा, आणि ओल्या मातीवर शेवटी अंगठा दाबायचा. तिने स्वतःचा अंगठा त्यात ठेवून पाहिला. खळगा मोठा होता.

"हे कुणाच्या भिंतीतलं?" तिने विचारलं.

"काय कुंभारीणबाई," गाडीवान म्हणाला, "लाकूड कुठलं ते इतक्या वर्षांत आजच विचारताय."

"उशीर झाला खरा," ती म्हणाली. "गाडी भरा आणि घेऊन जा."

"आवा कशावर पेटवणार? फुंकरीवर?"

गाडीवान हसत हसत गाडी भरू लागला. झाकण तेवढं तिने ठेवून घेतलं.

मध काढणारी दारातून बघत होती. "मावशी, तुमचे माठ?"

"माठ थांबतील," कुंभारीण म्हणाली. "ये, माती मळायला बस. लिंबाएवढ्या गोळ्या करायच्या, एकसारख्या. भाजल्या की दगडासारख्या होतात. तुमच्या माणसांना गोफणीला त्याच हव्यात ना?"

दोघींनी चार दिवस गोळ्या वळल्या. मग कुंभारीण पाटलांकडे गेली. पाटलांच्या गुऱ्हाळामागे उसाची वाळलेली चिपाडं घराएवढी रचलेली होती. पूर्वी गुळाची चुलाणं त्यांच्यावरच चालत. लाकूड सोयीचं पडायला लागल्यापासून ती नुसती पडून होती.

"सभा बोलावतो," पाटील म्हणाले. "सगळ्यांचं मत घेऊन—"

"मत नको, आबा. मी चिपाडं मागायला आलेय."

"पण तुमचा क्रम तिसरा, वहिनी. आमच्या आधी तुम्ही कशा?"

"बांधाला तिसरा. हा बांध नाही." मग ती जरा हळू म्हणाली, "आणि हाही बांधच असेल, तर पाणी तुमच्या पाटीसाठी थांबत नाहीये."

पाटलांनी चिपाडांच्या ढिगाकडे पाहिलं. ते वाईट नव्हते. कुणाच्या आधी पाऊल टाकायची त्यांना सवय होती ती फक्त मिरवणुकीत. शेवटी त्यांनी स्वतः बैल जुंपले.

चिपाडांची आच भडकते आणि लवकर बसते. कुंभारणीला दिवसभर आव्यापाशी उभं राहून भर घालावी लागली. तिसरा हिस्सा गोळ्या तडकल्या. उरलेल्या खणखणीत निघाल्या. त्या घेऊन बैल वर गेले, तेव्हा विणकरांचा म्हातारा वाटेत उभा होता. त्याच्या हातात लोकरीच्या घट्ट विणीच्या वीस गोफणी होत्या.

"राग वळायचाय तर वळू दे," तो म्हणाला. "परवा माझ्या नातवाने विचारलं, आपल्याकडे आले तर कोण घोंगड्या देणार? त्याच रात्री आम्ही विणायला बसलो."

त्या दिवसापासून खालच्या तिन्ही गावांनी वरचं लाकूड घेणं बंद केलं. हिवाळा सोपा गेला नाही. गूळ कमी निघाला, रंग फिके बसले, भाकऱ्या अर्ध्या कच्च्या राहिल्या. लोक कुरकुरले, भांडले, आणि गोवऱ्या थापत राहिले. मधल्या वाटेवर मधाच्या गावची दोन माणसं पडली. पण शिवेचे दगड त्यानंतर एक घरही खाली सरकले नाहीत.

वर लाकडाच्या राशी गिऱ्हाईकावाचून पडून राहिल्या. त्यांना वाळवी लागली. नाईकाच्याच गावातल्या बायका त्याला विचारू लागल्या, की डोंगरभर लाकूड आहे, पण घरात मीठ का नाही? फाल्गुनात एका दुपारी वरच्या गावची माणसं आली, त्यांनी दगड उपटले, आणि जिथले होते तिथे नेऊन ठेवले. नाईक म्हणाला की आम्हाला हवा तेवढा चारा मिळाला. ते कुणी खोडून काढलं नाही.

मध काढणारी मुलांना घेऊन घरी गेली. नवरा लंगडत होता, पण दारात उभा होता. कुंभारीण तिच्याबरोबर वरपर्यंत गेली. भिंतीत नवा ओंडका बसवला, तेव्हा तिने जुनं झाकण पदरातून काढून त्याच्या तोंडाला लावलं. महिन्याभरात माश्या आल्या.

पुढच्या वर्षी पाऊस सरल्यावर चारही गावं बांधाला जमली. पाटील पाटी घेऊन पुढे झाले आणि सवयीने जरा थांबले, सगळे आपल्याकडे बघत असतील म्हणून. मागे मध काढणारी आणि कुंभारीण दोघी मिळून एक पाटी उचलून पाण्यात उतरल्याही होत्या.

"या की, आबा," कुंभारीण म्हणाली. "पाणी गार आहे, पण सोसवतं."

पाटील हसले आणि उतरले. पहिल्या पाटीचा मान त्यांचाच राहिला. त्या मानासाठी खोळंबून राहणं मात्र गावांनी सोडलं, आणि त्या वर्षी बांध तीन दिवसांत पुरा झाला.

तात्पर्य एवढंच: शेजारच्या गावावर चालून आलेल्याच्या लाकडावर आपली चूल पेटवत असताना शेजाऱ्याला धाडलेली ऊब पुरत नाही. आधी कोण, हे विचारण्यात त्याची घरं जातात. ज्याच्या हाताला जे येतं ते घेऊन त्याने लगेच उभं राहावं, बाकीचे येतात.