वजरी बुरूज

धारकोंड गडाच्या उगवतीला एक ठेंगणा बुरूज आहे. गड पाहायला आलेले लोक त्याचं नाव ऐकून हसतात. वजरी बुरूज. वजरी म्हणजे बोकडाचं पोट, मग ते बुरुजाला कसं चिकटलं, हे गावचे जाणते सांगतात ते असं.

गडाला वेढा पडून चौथा महिना लागला होता. धान्य संपलं होतं, गोठ्यात मोजकी बोकडं उरली होती. किल्लेदार निंबाजीराव रोज एक कापवत आणि पोटं-आतडी दरीत फेकली जात. गडावरच्या खाटकाची विधवा सोनाक्का ते बघून आतल्या आत जळत असे. तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या हेच शिजत आलं होतं. शेवटचं बोकड कापलं, त्या दिवशी तिने पोट मागून घेतलं. चुन्याच्या कढत पाण्यात घालून काळी साल खरवडली, पांढरं स्वच्छ केलं आणि लसूण-मिरं लावून सकाळपासून दुपारपर्यंत रटरटत ठेवलं. शिपायांनी नाकं मुरडली. सोनाक्का सगळ्यांदेखत याच बुरुजावर बसून पहिला घास जेवली. दुसरा निंबाजीरावांनी मागून घेतला.

त्याच दुपारी शत्रूचा वकील गड खाली करा म्हणायला वर आला. खरं म्हणजे तो कोठारं जोखायला आला होता, असं म्हणतात. निंबाजीरावांनी त्याला पानावर बसवलं. सोनाक्काने भरला हंडा पुढे आणला. वकील चवीने जेवला आणि हे कसलं मांस म्हणून विचारू लागला.

सोनाक्काने त्याच्या पानात आणखी एक पळी वाढली. ती म्हणाली, "मांस नाही, सायेब. मांस आमचे शिपाई खातात. हे आम्ही टाकून देतो ते."

वकिलाचा घास हातातच राहिला. ज्यांचं टाकलेलं असं, त्यांच्या कोठारात काय असेल, हे त्याने खाली जाऊन सांगितलं. तिसऱ्या दिवशी तंबू उठले. गडावर नगारा वाजला, माणसं रडत हसत तटावर धावली.

निंबाजीरावांनी सोनाक्काला विचारलं, "तुमच्यात याला काय म्हणतात?"

"वजरी."

"वज्रच आहे ते," ते म्हणाले, आणि बुरुजाला तेच नाव दिलं. तो शब्द वज्रावरूनच आला, असं गडकरी छातीठोकपणे सांगतात. खरंखोटं जाणकार जाणोत.

आजही चैत्राच्या जत्रेत मटणाआधी वजरीचा हंडा चढतो. तो उतरवायचा मान सोनाक्काच्या घरातल्या थोरल्या सुनेचा. ती वाढेपर्यंत किल्लेदाराचे वंशज पान मांडून, मान खाली घालून बसून राहतात.