बुवांनी व्हॅक्यूम क्लीनर ऐकला

एकदा एका वृद्ध गायनाचार्यांवर व्हॅक्यूम क्लीनर विकत घ्यायची वेळ आली. हसू नका! धूळ ज्ञानी माणसाच्या घरीही येते, आणि त्याची विद्वत्ता पाहून काही परत जात नाही.

सगळे त्यांना बुवा म्हणत. मिरजेकडच्या एका गावात त्यांचा गायनाचा वर्ग होता. खोलीभर जाडजूड लोकरी जाजम अंथरलेलं, आणि त्यात तीस वर्षांची धूळ सुखाने नांदत होती. केरसुणी मारली की ती उठायची, खोलीभर हिंडायची आणि पुन्हा जागेवर येऊन बसायची. जाजम काढून टाकावं, तर खाली गारढोण शहाबादी फरशी. तिच्यावर चार तास मांडी घालून बसणार कोण?

ही धूळ शाल्मली नावाच्या शिष्येला बाधली. आलापासाठी श्वास भरला की खोकल्याची उबळ यायची. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "एक तर त्या खोलीतली धूळ घालवा, नाहीतर तिथे जाणं सोडा." पाच वर्षं ती बुवांकडे शिकत होती. गाणं सुटणार या विचाराने पोरगी रडकुंडीला आली.

बुवा म्हणाले, "अगं, रडतेस काय! धूळ ओढायचं यंत्र मिळतं ना बाजारात? जा, बघून ये. टिकाऊ हवं आणि आपल्याला झेपेल अशा भावात हवं. पसंत पडलं की मला दाखव."

शाल्मली लोढाशेठच्या दुकानात गेली. शेठनी स्वच्छ निळ्या गालिच्यावर चिमूटभर रांगोळी टाकली आणि एकेक यंत्र दोन-दोन मिनिटं चालवून दाखवलं. प्रत्येकाने रांगोळी गट्टम केली. आता निवडायचं कसं? मग तिने गाणाऱ्या माणसालाच सुचेल अशी गोष्ट केली. डोळे मिटून तिने प्रत्येकाचा आवाज ऐकला. एक लालचुटुक यंत्र अगदी तिच्या पट्टीत, काळी चारमध्ये घुमत होतं. "हेच!" ती म्हणाली. आता व्हॅक्यूम क्लीनर काय साथीला बसवायचा होता? पण हे तिला सांगणार कोण!

दुसऱ्या दिवशी बुवा दुकानात आले ते बगलेत गाठोडं मारून. त्यांनी किंमत विचारली नाही, कंपनी विचारली नाही. शांतपणे गाठ सोडली आणि सगळं त्या निळ्या गालिच्यावर उपडं केलं. जाजमातून झटकून आणलेली धूळ, केस, उदबत्तीची राख, सुपारीची खांडं!

"अहो बुवा, दुकान आहे हे!" शेठ ओरडले.

"म्हणूनच तर आणली. नांदायला ज्या घरी जायचंय, ते घर मुलीला आधी दाखवायला नको? एक खुर्ची द्या."

शाल्मलीला कुठे तोंड लपवू असं झालं.

लाल यंत्र सुरू झालं. दोन मिनिटं झाली तसा शेठनी बटणाकडे हात नेला. "राहू द्या," म्हणत बुवा मैफलीत बसावं तसे डोळे मिटून बसले. गिऱ्हाइकं जमली. नवव्या मिनिटाला बुवांनी बोट वर केलं. "शाल्मली, ऐक." यंत्राचा सूर काळी चार सोडून वर चढत चालला होता, आणि केस गालिच्यावर होते तिथेच होते. "दम कोंडला बिचाऱ्याचा," बुवा म्हणाले. "दम कोंडला की आवाज चढतो. पुढचं लावा."

पुढचं सगळ्यांत महाग होतं. वीस मिनिटांत ते तापलं आणि आपणहून बंद पडलं.

एव्हाना शेठनाही गंमत वाटू लागली होती. त्यांनी माळ्यावरून गेल्या वर्षीचं एक राखाडी यंत्र काढलं. खोकं फाटलेलं, रूप यथातथाच, आवाज तर असा घोगरा की जमलेल्या मंडळींनी नाकं मुरडली. तीच धूळ पुन्हा पसरली. दहा मिनिटं, वीस, चाळीस. मध्ये एकदा पिशवी भरली, ती बदलली. गालिचा पुन्हा निळा झाला आणि सूर मात्र तसूभरही हलला नाही.

"याच्या पिशव्या पुढे मिळतील?" बुवांनी विचारलं.

"कपाटभर आहेत. हे यंत्र नेलेली माणसं पिशव्या न्यायला येतात. तक्रार घेऊन अजून कोणी आलं नाही."

जुनं मॉडेल आणि फाटकं खोकं म्हणून लाल यंत्राच्या निम्म्या किमतीत सौदा ठरला. बुवांनी यंत्राला "वाहवा!" अशी मोकळी दाद दिली आणि अख्खं दुकान हसलं.

रिक्षात खोकं मांडीवर घेऊन शाल्मली म्हणाली, "बुवा, मला तर काल सगळी सारखीच चांगली वाटली होती."

"चिमूटभर रांगोळी ओढायला काय लागतं, बाळ? पहिली दोन मिनिटं सगळ्यांचीच चांगली जातात. मी त्याला आपली धूळ दिली, आणि आपल्याला लागतो तेवढा वेळ दिला. दुसरं काही केलं नाही."

"पण एवढा वेळ बसतं कोण हो?"

"मला सवय आहे," बुवा मिस्कील हसले. "तू पहिल्यांदा माझ्यापुढे गायलीस तो दिवस आठवतो?"

"आठवतो. आवाज फार वाईट लागला होता."

"वाईट? अगं, भयंकर! शेजारी डोकावून गेले. सगळे म्हणाले, बुवा, हिला परत पाठवा. मी म्हटलं, थांबा, जरा बसू या."

"मग?"

"मग काय! सव्वा तासाने तुझा षड्ज ऐकला. जिथे लावला होतास, तिथेच होता."

शाल्मलीचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती.

त्या संध्याकाळी दोन तास यंत्र चाललं. जाजमाचा मूळ रंग डाळिंबी आहे, हे शिष्यांना प्रथमच कळलं. पुढे आठवडाभर रोज तेच चाललं, आणि एका सकाळी शाल्मलीने त्याच जाजमावर बसून पोटभर श्वास घेतला. खोकला आला नाही. तिने षड्ज लावला, आणि बुवा डोळे मिटून ऐकत बसले.

वस्तू घरी आणायची असो की माणूस आपलं म्हणायचं असो, निवाडा करण्याआधी त्याच्याजवळ थोडा वेळ बसावं.