आता काय सोडू?

"आता काय सोडू, माय?"

कुमुदनं हे विचारलं तेव्हा चिंधामाय सुपात मूग निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"आतापर्यंत काय काय सोडलंस?"

"गोड सोडलं. दूधतूप सोडलं. मग भात सोडला, भाकरी सोडली. आता पुढची पायरी कोणती, ते तुम्ही सांगा. दीक्षा घ्यायला आलेय मी."

"हं..." म्हणून मायनं एक खडा बाजूला टाकला.

गिरणा नदीच्या काठी, बाभळींच्या आड, मायची मठी होती. एक खोली आणि पुढे सारवलेला ओटा. ऐंशीच्या घरातली ही बाई ना कुणाला मंत्र देई, ना प्रवचन करी. तरी माणसं येत. घटकाभर बसत आणि हलकी होऊन परतत.

कुमुद एकोणीस वर्षांची. तीन कोसांवरच्या गावाहून ती बैलगाडीतून आली होती. उतरताना आईनं तिला दोन्ही हातांनी धरलं होतं. ही पोर अन्नाशिवाय राहते म्हणून गाव तिला 'देवी' म्हणू लागलं होतं. म्हाताऱ्या बायकाही तिच्या पाया पडत.

हल्ली तिला सगळं दुरून दिसे. नदीवरचं धुकं ओट्यावर आलंय की आपल्याच डोळ्यांत उतरलंय, हे तिला कळत नव्हतं. माणसं बोलत ती पाण्याखालून बोलल्यासारखी. आपले पाय जमिनीला लागतच नाहीत, असं वाटे. या तरंगण्यालाच ती सिद्धी समजत होती. बोटं गार पडत, फणीत केसांचे पुंजके येत, जिना चढताना छाती धडधडे... ते मात्र ती कुणाला सांगत नसे.

"ध्यानाला बसतेस?" मायनं विचारलं.

"रोज पहाटे."

"डोळे मिटल्यावर काय दिसतं?"

उत्तर तयार होतं. उजेड दिसतो, असं ती गावातल्या बायकांना सांगायची. पण मायची बोटं मुगांतून फिरत राहिली, आणि त्या सळसळीत ते उत्तर कुठं विरून गेलं, कळलं नाही.

"...भाकरी," कुमुद म्हणाली. "तव्यावर टम्म फुगलेली."

"आणि दुपारी?"

"तेच. आज काय शिजणार, ते मीच विचारते. सगळ्यांना मीच वाढते. कोण किती खातं, बघत बसते."

माय पहिल्यांदा हसली. तोंडात एकही दात नव्हता.

"मी दोनदा जेवते, पोरी. बाकी सगळा दिवस मला मोकळा. तू तर दिवसभर जेवतेस."

कुमुदचा चेहरा उतरला. राग आला होता, पण तो गिळायची तिला सवय होती.

"कधीपासून हे?"

"लहानपणी मी खादाड होते," ती म्हणाली. "भावांच्या बरोबरीनं भाकऱ्या मोडायची. चौदावं लागलं, आणि एक दिवस आत्यानं आधी माझ्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, पोर अंगानं सुटायला लागली, आता हात आखडा. त्याच वर्षी शाळा बंद झाली. नदीवर जाणं बंद. मोठ्यानं हसणं बंद. मग बघायला येणारे सुरू झाले. उभी राहा, चालून दाखव, जरा वळ..."

ती थांबली. दम लागला होता.

"एका एकादशीला मी पाणीसुद्धा घेतलं नाही. बाबा चारचौघांत म्हणाले, बघा, किती शहाणी पोर! त्या घरात माझ्या हातात काहीच नव्हतं, माय. घास तेवढा माझा होता. तो तोंडात जाऊ द्यायचा की नाही, हे दुसरं कुणी ठरवू शकत नव्हतं."

ओट्याच्या कडेला आई बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळता गुंडाळता तिचा हात थांबला.

नदीपलीकडे कुणीतरी धुणं आपटत होतं. आवाज येई आणि धुक्यात बुडून जाई.

"दीक्षा हवी ना? मग एकच सोड."

"काय?"

"शहाणी म्हणवून घेणं."

उपास सोपा होता. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"तेही सोडलं तर मी उरते कुठं?" तिचा आवाज चढला. इतका, की आई दचकून उठली. "तुम्हीसुद्धा तसल्याच! जो तो मला सोडायलाच सांगतो. कुणी एकदा तरी 'घे' म्हणालंय का?"

मायनं सूप बाजूला सारलं. गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली आणि वाटीत मुगाचं कढण घेऊन आली. 'घे' म्हणाली नाही. कुमुदपुढे सरकवलंही नाही. दोघींच्या मधोमध ठेवलं आणि पुन्हा निवडायला बसली.

वाटीतून वाफ निघत होती.

"सुरू केलं तर मी थांबणारच नाही," कुमुद पुटपुटली. "भीती वाटते."

"वाटू दे. मी इथं आहे."

ती तीन घोट प्यायली. ऊब छातीतून खाली उतरत गेली, आणि तिला रडू कोसळलं. रडता रडता तिला बाभळीवरच्या भारद्वाजाचा आवाज आला. अगदी जवळून. किती दिवसांनी काहीतरी जवळून ऐकू आलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मायनं तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना निरोप धाडला. "राहायचं माझ्याकडे, पण ऐकायचं त्यांचं," असं तिनं कुमुदला बजावलं.

पाच महिने गेले. सरळ गेले नाहीत. कधी आठवडा बरा जाई, मग एखाद्या सकाळी ती वाटी उपडी करून भिंतीकडे तोंड करून बसे. मठीत आरसा नव्हता, तर नदीत वाकून स्वतःला बघे. पाया पडायला गावाकडच्या बायका आल्या, तेव्हा "मी देवी नाही" म्हणताना तिनं मान खाली घातली. पुढच्या खेपेला नाही घातली.

एका दुपारी ती तोंड वाकडं करून म्हणाली, "ही भाजी मला आवडत नाही."

माय इतकी हसली की तिला ठसका लागला.

माघात आई न्यायला आली. पहाटे उठून, घरातल्या अकरा माणसांचं रांधून, तीन कोस चालत. फडक्यात लेकीसाठी कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि वांग्याचं भरीत बांधून आणलं होतं. ओट्यावर उन्हं आली होती. कुमुद जेवत होती आणि आई तिच्या हाताकडे, तोंडाकडे बघत होती.

"माय, एक विचारू?" आई हळूच म्हणाली. "मला दोन मुलगे आहेत. त्याच घरात वाढले, त्याच चुलीवरचं खाल्लं. त्यांना कधी असं काही झालं नाही. माझ्या पोरीलाच का व्हावं?"

माय आपल्या वाटीत भाकरीचा तुकडा दुधात कुस्करत राहिली. मग सहज विचारावं तसं म्हणाली,

"तू जेवून निघालीस ना गं?"

"माझं काय, माय..." आई हसली. "माझं होईल की केव्हातरी. घरी गेल्यावर."

नदीवरून वारा आला. कुमुदचा हात घास घेता घेता थांबला.

मायनं कुमुदकडे पाहिलं.

"ऐकलंस?"