कारवीचा निवाडा

ज्यांनी तो निवाडा दिला, त्यांना जराही लाज कशी वाटली नाही?

फार पूर्वी सह्याद्रीच्या एका उतारावर सभा भरली. बुलबुल श्रेष्ठ की कारवी, हे ठरवायचं होतं. हरेल तिनं उतार सोडायचा. गवा न्यायाधीश होता.

"मी रोज गाते," बुलबुल शेपटी उडवत म्हणाली. "आणि ही बाई सात वर्षांत एकदा फुलते. बाकी वेळ नुसत्या झोपा!"

सभा खो खो हसली. कारवीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"झोपा? दर पावसाळ्यात या डोंगराची माती खाली धाव घेते, तेव्हा तिला कोण धरून ठेवतं? ते मोजा की!"

"ते ऐकू कुठं येतं?" गवा म्हणाला. "इथं गाणं मोजतात."

त्यानं रानडुकरांना कारवी उपटायला सांगितलं. डुकरं मुळाशी मुसंडी मारू लागली, तशी कारवी संतापानं थरथरली. बुलबुलनं मात्र विजयाची तान घेतली.

तेवढ्यात बुंध्याशी बसलेली गोगलगाय वर बघत म्हणाली, "बुलबुलताई, गाणं नंतर म्हणा. आधी हिच्या फांदीवरचं तुमचं घरटं हलवा. पिल्लांना अजून पंख फुटलेले नाहीत."