कारवीपाशी बांधलेले हात

पाहुणे, जरा या तळीत वाकून बघा. शेपट्या हलवत फिरतायत ते बेडूकमासे. त्यांना अजून पाय फुटायचेत, शेपटी झडायची आहे, मग कुठे ते बेडूक होणार. आता काठावरच्या कारवीच्या झुडपांत बघा. तिथली बेडकांची पिल्लं ज्वारीच्या दाण्याएवढी, पण अंड्यातून निघतात तीच चार पायांची. ती पाण्यात वाढतच नाहीत. असं का, याची आमच्या धनगरवाड्यावर एक गोष्ट सांगतात. खरंखोटं देव जाणे.

फार मागे एका वर्षी मिरगाने दोन सरी दिल्या आणि पावसाने दडी मारली. सड्यावर, या सगळ्या कातळपठारावर, पाणी उरलं ते या तळीत, तेही एका घागरीपुरतं. वाड्यावर सगू नावाची एकटी बाई राहत होती. तिची लहानगी लेक तापाने फणफणलेली, सारखी पाणी पाणी करत होती. सगू घागर घेऊन धावत आली, तर त्या पाण्यात एक बेडकी अंडी घालायला बसलेली. घागर भरली तर तिची पोरं जाणार, नाही भरली तर आपली. सगूचा हात म्हणे उचलेना.

शेवटी बेडकीच बोलली, “बाय, भर घागर. माजं मी बगीन.”

“तुजी पोरं मी सांबाळीन गं,” सगू रडत म्हणाली. आता हे तिला कुणी सांगितलं होतं? पण उपकाराने माणूस भाबडा होतो.

बेडकी उड्या मारत कारवीत शिरली. इकडे सगूची लेक वाचली. पुढे पाऊस परतला, तळी भरली. सगू बघायला आली तर कारवीखालच्या ओल्या पाल्यावर दहाबारा अंडी, काचेच्या मण्यांसारखी. पाण्याबाहेरची अंडी जगणार कशी, म्हणून तिने ती अलगद उचलली आणि तळीत सोडली. दुसऱ्या दिवशी ती फुगून पांढरी पडली होती. सगळी मेली.

बेडकीने शाप दिला नाही. ती नुसती बसून राहिली. शाप दिला असता तर सगूला सोसलं असतं, असं आमचे म्हातारे म्हणत.

काही दिवसांनी बेडकीने पुन्हा तिथेच, कारवीखाली, अंडी घातली; तिचा वंश तेव्हापासून पाण्याकडे परतलाच नाही. या खेपेला सगूने आपले हात पदराने पाठीमागे बांधून घेतले आणि रोज येऊन समोर बसली. अंड्याच्या आतच शेपटी आली, आतच विरली, पाय फुटले, हे सगळं तिने बघितलं. मग एकेक अंडं फाटलं. पिल्लं बाहेर पडली. एकाचा मागचा पाय आत अडकला. ते धडपडायचं, थकायचं, पुन्हा धडपडायचं. सगू हमसून रडली, पण गाठ तिने सोडवली नाही. उन्हं कलल्यावर ते पिल्लू आपलं आपण सुटलं.

म्हणून पावसाळ्यात कारवीपाशी आलो की आम्ही हात मागे घेतो. आजही वाड्यावर मूल पहिलं पाऊल टाकायला लागलं की आई समोर उभी राहते ती हात मागे बांधूनच. पोर पडतं, आईचा जीव खालीवर होतो. माझ्या बायकोने सहा पोरांना असंच चालायला शिकवलं, आणि सहाही वेळा पोरापेक्षा तीच जास्त रडली.